सुरतला जाणारी रात्रीची गाडी आणि ड्रायव्हरची झोप



बोटीवर एकच माणूस दिवस-रात्र सुकाणूवर बसलेला कुणी पाहिलाय का? तांडेल आडवा झाला की दुसरा उठतो, पाळी बदलते. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण तीच मासळी बंदरावर उतरून टेम्पोत चढली, की पुढचं सगळं एका माणसाच्या डोळ्यांवर. रात्रभर तो एकटा, आणि वरून आपलेच फोन: "कुठं पोचलास?"

जरा हिशोब मांडून बघू. ड्रायव्हर सकाळी ७ ला उठला. दुपारपासून बंदरावर हजर. बोट उशिरा लागली, मग वजन, बर्फ, खोके भरणं, ताडपत्री. गाडी निघाली रात्री १० ला. आपण म्हणतो, आत्ताच तर निघाला, ताजा आहे. पण त्याला जागून १५ तास झालेत. मनोरला हायवेला लागून चारोटी, तलासरी करत हद्द ओलांडेपर्यंत बारा वाजतात, म्हणजे १७ तास. वापी, वलसाड, नवसारी मागे टाकून सुरतच्या फाट्याला, पलसाणा-कडोदऱ्याकडे येईपर्यंत पहाटेचे अडीच-तीन. म्हणजे जवळजवळ २० तास. आणि पहाटे दोन ते सहा ही वेळ अशी, की दिवसा झोपलेल्या माणसालाही शरीर खाली ओढतं.

१७ तास सलग जागलेल्या माणसाचं भान किती राहतं, हे शास्त्रज्ञांनी मोजलंय. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. प्यालेल्या माणसाच्या हातात आपण गाडी देणार नाही, पण जागलेल्याच्या हातात रोज देतो.

डुलकी लागते ती तीन-चार सेकंदांची. कित्येकदा डोळे उघडेच असतात आणि लागली होती हे त्यालाही कळत नाही. ताशी ६० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी ६५ मीटरच्या वर जाते. आपल्या १५ मीटरच्या चार बोटी एकापुढे एक लावा, तेवढं अंतर गाडी आपोआप चाललेली असते. पुढे बंद पडलेला ट्रेलर उभा असेल तर?

काच खाली करणं, मोठ्याने गाणी, तोंडात तंबाखू, डोळ्यांवर पाणी, हे सगळे करतात. पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. चहा खरा कामाचा, पण त्याचा असर व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणून चहा घेऊन लगेच गाडी हाणू नये. चहा घ्यावा आणि सीटवरच वीस मिनिटांचा गजर लावून डोळे मिटावेत. उठेपर्यंत चहा लागू झालेला असतो. मात्र झोप पाऊण-एक तासावर गेली की अर्धवट झोपेतून उठल्यासारखं डोकं जड होतं. अशा वेळी खाली उतरून टायर बघावेत, दोरी तपासावी, दहा-पंधरा मिनिटं चालावं, मगच चावी फिरवावी. आणि थांबायचं ते पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात. हायवेच्या कडेला दिवे बंद करून कधीच नाही.

अशी विश्रांती म्हणजे लाड नव्हेत. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला त्यातच लिहिलं होतं, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्याकडे नोंद ठेवणार कोण? माल ज्याचा, त्यानेच.

आता नाखवांचा नेहमीचा प्रश्न: गाडी थांबली तर मासळीचं काय? मासळी अर्ध्या तासाने खराब होत नाही, कमी बर्फाने होते. शून्य अंशावर ठेवलेली मासळी जेवढ्या वेगाने खराब होते, त्याच्या साधारण चौपट वेगाने ती १० अंशावर होते. बर्फ किलोला किलो पडला असेल, खोक्याच्या तळाशी आणि वरही असेल, तर चहा आणि डुलकीला लागणारा वेळ मासळीला जाणवतही नाही. बर्फात हात आखडायचा आणि ती कसर ड्रायव्हरच्या वेगातून काढायची, हे आम्हाला पटत नाही. तो ड्रायव्हर बहुतेक वेळा आपल्याच आळीतला असतो.

ज्यांची गाडी सुरतला न थांबता सौराष्ट्रात, वेरावळच्या बाजूला जाते, त्यांच्यासाठी एक सोय आहे. सुरतजवळच्या हजिऱ्याहून घोघ्यापर्यंत नोव्हेंबर २०२० पासून रो-रो बोट चालते. ट्रकही चढतो. रस्त्याने खंभातच्या आखाताला ३७० किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो, समुद्रातून ते अंतर ९० च्या आसपास. चार तासांच्या आसपास लागतात आणि तेवढा वेळ ड्रायव्हरचे हात मोकळे. भाडं आणि वेळापत्रक मात्र आधी विचारून घ्या, डिझेलशी ताळा करा. (याआधी घोघा ते दहेज अशी बोट २०१७ ला सुरू झाली होती, ती दहेजला गाळ भरून बंद पडली. गाळाचं दुखणं आपल्याला काय सांगायचं!)

सोसायटीच्या गाडीपुरतं आम्ही असं ठरवलंय. माल भरताना ड्रायव्हरला बंदरावर बोलवायचं नाही, त्याने दुपारी घरी झोपायचं. भरणं खलाशी आणि हमाल बघतील, तो निघायच्या अर्धा तास आधी येईल. घरच्या मंडळींनी त्याच्या दुपारच्या झोपेत सामान आणायला वगैरे उठवू नये, ही खास विनंती. पावतीवर तो किती वाजता उठला तेही लिहायचं. रात्री बाराच्या पुढे फोन फक्त सेक्रेटरीने करायचा, तोही गाडी उभी असेल तेव्हाच. सुरतच्या व्यापाऱ्यांना गाडीची वेळ अर्धा तास पुढची सांगितली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. स्वतःची गाडी लावणाऱ्या बोटमालकांनीही आपापल्या व्यापाऱ्याशी तसं बोलून घ्यावं.