हिंगोलीहून पॅरिस: आडहंगामाचा हिशेब

८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले, तेव्हा परभणी जिल्ह्यातील हिंगोली हे तालुक्याचे गाव अद्याप निजामाच्या अमलाखाली होते, तेथील बाजारात हाली शिक्का चालत होता, आणि भारतीय संघराज्यात सामील होण्यास या मुलखाला आणखी तीन महिन्यांहून अधिक अवधी होता. त्या विमानाचे तिकीट सुमारे १,७२० रुपयांचे होते. कनिष्ठ कारकुनाचा वर्षभराचा पगार त्यात सहज गडप झाला असता. आज १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा झालेल्या त्याच हिंगोलीतला एखादा शिक्षक, औषधविक्रेता किंवा हळदीचा बागायतदार सपत्नीक पॅरिस पाहून येण्याचा विचार बोलून दाखवतो, तेव्हा त्याच्याकडे कोणी वेड्यासारखे पाहत नाही. पाहतात ते कुतूहलाने, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, की तिकीट केवढ्याला पडले?

या प्रश्नाला एक उत्तर नसते, याचे कारण विमानभाड्याच्या इतिहासात आहे. १९४५ साली हवाना येथे स्थापन झालेल्या ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या परिषदांत पूर्वी आंतरराष्ट्रीय दर ठरत, सरकारे त्यांस मंजुरी देत, आणि एकदा मंजूर झालेला दर जानेवारीत काय नि मे महिन्यात काय, फारसा हलत नसे. १९७८ साली अमेरिकेने देशांतर्गत विमानवाहतुकीवरील दरनियंत्रण उठवण्याचा कायदा केला, ते वारे पुढे जगभर पसरले, आणि विमानातील आसन ही रोज, किंबहुना तासातासाला, नवा भाव घेणारी वस्तू बनली.

भावाचा चढउतार हिंगोलीकराला नवा नाही. वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात एकाच प्रतीच्या हळदीला सकाळच्या सौद्यात एक आणि दुपारच्या सौद्यात दुसरा भाव मिळालेला त्याने कित्येकदा पाहिलेला असतो. मात्र हळदीचा भाव पडला तर पोती वखारीत ठेवून शेतकरी दोन महिने वाट पाहू शकतो. विमान धावपट्टी सोडून वर गेल्यावर त्यातले रिकामे आसन कोणत्याही वखारीत ठेवता येत नाही. म्हणून कंपनी एकाच इकॉनॉमी वर्गातील आसनांचे निरनिराळ्या भावांचे अनेक कप्पे पाडते, कमी भावाच्या कप्प्यांत मोजकी आसने घालते, ती संपली की वरचा कप्पा उघडते, आणि मागणी मंदावलेली दिसली तर मिटलेला कप्पा पुन्हा किलकिला करते. शेजारी बसलेल्या प्रवाशाने आपल्याहून पंधरा हजार रुपये कमी दिलेले असतात, ते बहुधा याच व्यवस्थेमुळे. मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळते, किंवा संगणकाने आपल्याला ओळखू नये म्हणून लपून शोध घ्यावा, असले उपाय लोक गंभीरपणे सांगतात. त्यांवर झोप खर्च करू नये असे माझे मत आहे. तिकीट कोणत्या वारी घेतले यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आणि कोणत्या महिन्यात केला याला महत्त्व अधिक. शुक्रवार-शनिवारऐवजी मंगळवार-बुधवारी निघालेला प्रवासी पुष्कळदा बराच पैसा वाचवतो, आणि मे-जूनऐवजी आडहंगामात निघालेला त्याहून कितीतरी अधिक.

युरोपचा हंगाम आणि हिंगोलीचा हंगाम शेजारी मांडून पाहिले तर एक सुखद योगायोग आढळतो. मे महिन्यात आणि जूनच्या पूर्वार्धात आपल्याकडच्या शाळा बंद असतात, तिकडे उन्हाळा सुरू होतो, आणि मुंबईहून निघणाऱ्या विमानांना दोन्ही बाजूंनी मागणी उसळते. नाताळाच्या पंधरवड्यातही तेच. उलट नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा पहिला आठवडा, आणि जानेवारीचा मध्य ते मार्चचा आरंभ, हे दोन काळ पॅरिसच्या मार्गावर मंदीचे. आता आपल्या जिल्ह्याचे पाहा. सोयाबीन ऑक्टोबरात निघते, हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरात आटोपते, हळद जमिनीतच असते आणि तिची काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश ही सारी धामधूम फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते. म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात शेतकऱ्याला दहा-बारा दिवसांची जी उसंत सापडते, नेमक्या त्याच दिवसांत विमान कंपनीलाही गिऱ्हाईक हवे असते. शिक्षकांना हा काळ साधत नाही, हे खरे. त्यांनी दिवाळीच्या सुटीचा शेवटचा भाग पाहावा. जानेवारीतले पॅरिस थंड असते, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास अंधारते, बागा उघड्याबोडक्या असतात. पण लुव्र संग्रहालयात चित्रापुढे उभे राहायला जागा मिळते, आणि ज्या संग्रहालयाने १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पाहुण्यांसाठी प्रवेशशुल्क ३२ युरो केले, तेथे गर्दीत माना उंचावून परत येणे हा मला तरी अपव्यय वाटतो.

तिकिटाआधी व्हिसाचा विचार करावा लागतो, आणि किफायतीचे सारे मनसुबे बहुतेकांचे येथेच अडखळतात. लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारातून जे सामायिक क्षेत्र निर्माण झाले, त्याच्या एका व्हिसावर फ्रान्ससह बहुतेक युरोप पाहता येतो. लंडन मात्र त्यात येत नाही, त्याचा परवाना वेगळा आणि खर्चही वेगळा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलेला अर्ज उशिराचा समजला जातो, निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असून ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न होणारे स्वस्त तिकीट घेऊन ठेवणे ही मोठी जोखीम आहे. अर्जासोबत आरक्षणाचा पुरावा पुरतो, आणि ज्यांना घाईच असेल त्यांनी चार पैसे जास्त देऊन रद्द करता येणारे तिकीट घ्यावे.

जानेवारीत निघायचे ठरले तर अर्ज जुलैअखेरीस करावा, असे मी सुचवीन, आणि त्यालाही हळदच कारण आहे. व्हिसासाठी बँकेच्या खात्याचा अलीकडच्या काही महिन्यांचा उतारा मागतात; एप्रिल-मे महिन्यांत विकलेल्या मालाची रक्कम त्या उताऱ्यात स्पष्ट दिसते. हॉटेलचे आरक्षण असलेल्या पाहुण्याजवळ फ्रान्सला दर दिवशी ६५ युरो, आरक्षण नसल्यास १२० युरो, एवढी तरतूद अपेक्षित असते; दहा दिवसांचे ६५० युरो म्हणजे, युरो शंभर रुपयांच्या पुढे गेलेला असताना, माणशी पासष्ट हजारांहून अधिक. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोठून तरी उसनी आणून भरलेली ठोक रक्कम तपासनिसाच्या नजरेतून सुटत नाही.

नोकरदाराच्या दफ्तरात पगारपत्रक आणि रजेचा दाखला असतो. शेतकऱ्यापाशी यांतले काहीच नसते, आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आयकराचे विवरणपत्रही पुष्कळांचे कोरे किंवा मुळीच भरलेले नसते. त्याने सातबारा आणि आठ-अ यांचे ताजे उतारे, बाजार समितीतील विक्रीच्या हिशोबपट्ट्या, त्या पट्टीवरची रक्कम ज्या तारखेला खात्यात जमा झाली ती नोंद, हे सारे एका क्रमाने लावावे, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे, आणि एका पानाचे पत्र लिहून आपली जमीन किती, पीक कोणते, आणि फेब्रुवारीत काढणीसाठी परत येणे का भाग आहे, हे साध्या शब्दांत सांगावे. परतण्याचे कारण हाच या अर्जाचा प्राण आहे, आणि उभ्या पिकाइतके सबळ कारण फार थोड्या अर्जदारांपाशी असते. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारे पारपत्र हवे. बोटांचे ठसे देण्यास मुंबई, पुणे, हैदराबाद यांसारख्या शहरी स्वतः जावे लागते. तो जाण्यायेण्याचा खर्च सहलीच्या खात्यातच मांडावा. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, ही त्यातल्या त्यात सवलत.

राहिला मार्ग. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत नांदेड–हैदराबाद ही फेरी सुरू झाली, तेव्हा हिंगोलीकरांना विमान अंगणात आल्यासारखे वाटले होते. ती चालवणारी कंपनी पुढे बंद पडली, मग दुसरी आली, सेवा कधी चालली कधी खंडित झाली. नांदेडच्या विमानावर पुढचे परदेशी विमान गाठण्याचा बेत आखू नये, हा त्यातून घेण्याचा धडा. पूर्णा–अकोला लोहमार्गावरच्या हिंगोलीहून मुंबईस जाणारी जनशताब्दी पहाटे सुटते आणि दुपार कलताना मुंबईत पोहोचते. रात्री उशिराच्या विमानास ती सोयीची आहे, मधल्या विलंबालाही वाव राहतो. वाशीम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण झाल्यापासून चौघे मिळून मोटारीनेही जातात, पण टोल, इंधन आणि चालकाची परत फेरी धरली तर रेल्वेच्या जवळपासही तो खर्च येत नाही. हैदराबादचे शमशाबाद विमानतळ नांदेडमार्गे जवळ पडते, तेथूनही आखाती शहरांना आणि युरोपला विमाने आहेत. दोन्हीकडचे भाडे पाहून मगच ठरवावे.

मुंबई–पॅरिस थेट विमान नऊ-साडेनऊ तासांत पोहोचवते आणि त्या वेळेचे मोल वसूल करते. दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूल येथे उतरवून पुढे नेणाऱ्या कंपन्या अनेक देशांचे प्रवासी एका जागी गोळा करून वाटतात, म्हणून त्यांचे भाडे बहुधा कमी असते. आखातातले आकाश कधी अकस्मात मिटते, जसे २३ जून २०२५ रोजी कतारमध्ये काही तास मिटले होते, तेव्हा मात्र सारे वेळापत्रक कोलमडते. अशा वेळी दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढची व्यवस्था करण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटे जोडून पाच हजार वाचवणाऱ्याने पहिले विमान उशिरा आले तर दुसरे पूर्ण किमतीने पुन्हा विकत घेण्याची तयारी ठेवावी. भाड्याशेजारी सामानाची अट वाचणेही अगत्याचे: काही स्वस्त तिकिटांत केवळ सात किलोची हातपिशवी धरलेली असते, आणि जानेवारीतले लोकरीचे कपडे सात किलोंत मावत नाहीत. आम्स्टरडॅमपर्यंतचे भाडे पॅरिसहून बरेच कमी असेल तर तेथे उतरून वेगवान रेल्वेने सुमारे साडेतीन तासांत पॅरिस गाठता येते. फक्त मुक्काम अधिक पॅरिसमध्ये असेल तर व्हिसा फ्रान्सकडेच मागावा, असा नियम आहे.

सहल कंपन्यांविषयी स्वतःच्या हिकमतीने फिरणारे लोक जरा तुच्छतेने बोलतात. १९८४ साली निघालेल्या ‘केसरी’पासून पुढे मराठी कुटुंबांना हजारोंच्या संख्येने युरोप दाखवला तो याच व्यवसायाने. साठी उलटलेल्या, प्रथमच देशाबाहेर पडणाऱ्या दांपत्याला कागदपत्रांचा बंदोबस्त, मराठी बोलणारा सोबती आणि वेळेवर वरण-भात हवा असेल, तर त्याची किंमत गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण त्या सहली मुख्यतः मे-जूनच्या, म्हणजे भर हंगामाच्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

पॅरिसला शार्ल द गॉल विमानतळावर उतरल्यावर टॅक्सीकडे न वळता ‘आरईआर बी’ या लोकलची पाटी शोधावी. २०२५ साली तिचे शहरापर्यंतचे तिकीट १३ युरोंचे होते, टॅक्सीला तेव्हा त्याच्या चौपटीहून अधिक लागत. आणि परतीचे विमान निवडताना मुंबईस पहाटे किंवा सकाळी लवकर उतरणारे घ्यावे, भाडे पाच-सातशे रुपयांनी जास्त असले तरीही: हिंगोलीची जनशताब्दी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दुपारी बाराच्या सुमारास सुटते, ती मिळाली तर रात्री घरी पोहोचता येते, आणि मुंबईतल्या हॉटेलची एक रात्र वाचते.