आपला आवाज आणि आपले कान

"हळू बोल, आम्ही बहिरे नाही!" असे आम्ही एका विद्यार्थ्यास भर वर्गात अनेकदा सुनावले होते. त्याच्या चढ्या आवाजास आम्ही उद्धटपणा समजत होतो. पुढे कानांची तपासणी झाली तेव्हा कळले की, कमी ऐकू येत होते ते त्यालाच. त्या दिवसापासून मनाला लागलेली टोचणी हेच या लेखाचे निमित्त होय.

मनुष्य तोंडाने बोलतो; परंतु आवाज किती चढवावा, हे बव्हंशी त्याचे कान ठरवितात. स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी येतो : एक हवेतून, दुसरी कवटीच्या हाडांतून. तो जितका मोठा ऐकू येईल तितके आपण नकळत हळू बोलतो. तो दबला की आवाज चढवितो. कानांत गाणी लावून बसलेला मुलगा आईच्या हाकेला ओरडून 'ओ' देतो, तो यामुळेच.

फ्रेंच कर्णतज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११ साली हे शास्त्रीय रीतीने मांडले. वाचन करणाऱ्या माणसाच्या कानात यंत्राने गोंगाट सोडला की त्याचा आवाज चढे; गोंगाट थांबताच तो पूर्ववत होई. बहिरेपणाचे सोंग ओळखण्यास ही युक्ती उपयोगी पडली. 'बहिऱ्या' म्हटलेल्या कानात गोंगाट सोडताच आवाज चढला, तर तो कान ऐकत आहे हे उघड होई. दूरध्वनीच्या रचनेतही हेच तत्त्व आहे. बोलणाऱ्याचा थोडा आवाज त्याच्याच कानाशी परत आणला जातो; तो अगदीच नसेल, तर माणूस ओरडू लागतो.

मात्र ऐकू कमी येणारा प्रत्येकजण मोठ्याने बोलतो, असे नव्हे. दोष अंतर्कर्णात वा श्रवणतंतूत असेल, तर स्वतःचा आवाजही क्षीण ऐकू येतो आणि माणूस आवाज चढवितो. याउलट, कानात मळ दाटला किंवा मध्यकर्णात द्रव साचला, तर बाहेरचे आवाज मंदावतात, पण हाडांतून येणारा स्वतःचा आवाज घुमतो. असे मूल पुटपुटल्यासारखे बोलते. दोन्ही कानांत बोटे घालून 'म्' असा हुंकार द्यावा, म्हणजे हा अनुभव कोणासही येईल.

वर्गात आम्ही पहिल्यास उद्धट आणि दुसऱ्यास बुजरा म्हणून मोकळे होतो. दोघांपैकी कोणाचाही स्वभाव तसा नसेल. दोघांचेही कान तपासावयाचे राहिले असतील. म्हणून पालकांना आणि आमच्या शिक्षकबंधुभगिनींना विनंती एवढीच की, मुलाच्या आवाजावरून त्याचे मोल ठरविण्यापूर्वी त्याला एकदा कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे. आमचा तो विद्यार्थी श्रवणयंत्र लावून वर्गात आला, तेव्हा पहिल्याच तासाला त्याचा आवाज आपोआप खाली आला. त्यास रागावण्यात गेलेले दिवस मात्र आम्हांस परत देता आले नाहीत.