खूण पुसणारी विकरे

हिरवा टोमॅटो लाल होताना त्याच्या पेशींत नवी प्रथिने तयार होणे जितके आवश्यक असते, तितकेच डीएनएवरील जुन्या खुणा पुसल्या जाणेही आवश्यक असते. या खुणा रासायनिक असतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीन या अक्षराला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा मिथाइल गट चिकटतो. त्यामुळे अक्षर बदलत नाही, परंतु जनुकाचे वाचन जेथून सुरू होते त्या भागात अशा खुणा दाटल्या, की ते जनुक बहुधा मुके होते. ही खूण काढून टाकणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, डिमेथिलेज असे म्हणतात. खूण लावणाऱ्या विकरांचा बोलबाला आधी झाला आणि पुसणारी विकरे बराच काळ दुर्लक्षित राहिली, हे काहीसे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

टोमॅटोमध्ये हे काम मुख्यतः डीएमएल 2 हे विकर करते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या विकराची निर्मिती दाबून ठेवली असता फळे पिकण्याची प्रक्रिया रखडली, कारण रंग, मऊपणा आणि सुवास आणणाऱ्या जनुकांवरील कुलपे उघडलीच नाहीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकलेले टोमॅटो सुमारे आठवडाभर 5 अंश सेल्सिअसला ठेवून पाहिले, तेव्हा साखर आणि आम्ल फारसे घटले नाही, पण चवीला जिवंतपणा देणारी सुगंधी द्रव्ये मात्र कमी झाली. या विकराची पातळी उतरली होती आणि सुवासाशी संबंधित काही जनुकांवर मिथाइलच्या खुणा पुन्हा चढल्या होत्या. फळे बाहेर काढून एक दिवस नेहमीच्या तापमानात ठेवल्यावरही तो सुवास पुरता परतला नाही. फ्रिजमधला टोमॅटो दिसायला टवटवीत आणि चवीला पाणचट का लागतो, याचे निदान एक कारण असे जनुकांपर्यंत जाऊन पोहोचते.

वनस्पतींची खूण पुसण्याची रीत मोठी धीट आहे. त्यांचे विकर मिथाइल गट सोडवीत बसत नाही, तर तो ज्या अक्षराला चिकटला आहे ते अख्खे अक्षरच छाटून टाकते आणि मग दुरुस्तीची यंत्रणा त्या खाचेत नवे, कोरे सायटोसीन बसवते. अशी दोन विकरे 2002 मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपात सापडली. त्यांपैकी एकाला ग्रीक पुराणातील धान्यदेवता डिमीटर हिचे नाव मिळाले, आणि ते शोभतेही, कारण मातेकडून त्याचे सदोष जनुक आले तर पित्याकडचे जनुक निर्दोष असूनही बी खुरटून जाते.

माणसाची रीत याहून संथ आणि पायरीपायरीची आहे. 2009 मध्ये अंजना राव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने असे दाखवून दिले, की टेट नावाच्या गटातील विकर मिथाइल गटाला ऑक्सिजन जोडते; हीच क्रिया पुढे होत गेली, की ते बदललेले अक्षर दुसरे विकर छाटते, किंवा पेशींच्या विभाजनागणिक ते विरळ होत जाते. टेट हे नाव 10 आणि 11 या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांतील अदलाबदलीवरून पडले आहे आणि ही अदलाबदल रक्ताच्या एका कर्करोगात आढळली होती, म्हणजे या विकराच्या नावातच रोगाचा उल्लेख दडलेला आहे.

तो उल्लेख अनाठायी नव्हता. अस्थिमज्जेच्या अनेक कर्करोगांत टेट 2 च्या जनुकात बिघाड सापडतो. काही रुग्णांत मात्र टेट धडधाकट असते आणि तरीही हतबल ठरते, आणि रोगाची ही वाट विशेष उद्बोधक आहे. टेटला काम करण्यासाठी लोह, ऑक्सिजन आणि पेशीच्या ऊर्जाचक्रात तयार होणारे अल्फा-कीटोग्लुटारेट हे द्रव्य लागते. आयडीएच या विकरात बिघाड झाला, की ते जवळजवळ तसेच दिसणारे, पण निरुपयोगी द्रव्य तयार करू लागते, आणि ते द्रव्य टेटच्या जागेत शिरून बसते. खुणा पुसल्या जात नाहीत, अपरिपक्व रक्तपेशी परिपक्व होत नाहीत आणि त्यांची गर्दी वाढत जाते. बिघडलेल्या आयडीएच 2 ला रोखणाऱ्या एनासिडेनिब या औषधाला अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली. हे औषध त्या पेशींना थेट मारण्याऐवजी त्यांना परिपक्व होण्यास वाव देते, आणि कर्करोगाच्या उपचारात ही कल्पना वेगळी आहे. जीवनसत्त्व क हे टेटमधील लोह कार्यक्षम ठेवण्यास मदत करते, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र त्यावरून लिंबूपाण्याला औषध ठरविण्याची घाई कोणी करू नये.

मिथाइलच्या खुणा डीएनएप्रमाणेच आरएनएवरही असतात, आणि त्या पुसणाऱ्या एफटीओ या मानवी विकराची हकिगत या साऱ्यात सर्वांत अनपेक्षित आहे. 2007 मध्ये त्याच्या जनुकाचे नाव लठ्ठपणाशी जोडले गेले. पुढे असे आढळले, की लठ्ठपणाशी संबंधित तो भाग बहुधा शेजारच्या जनुकांवर परिणाम करतो. 2011 मध्ये त्याचे आरएनएवरील काम उघड झाले. 2021 मध्ये हे मानवी जनुक भात आणि बटाटा यांत घालून शेतात लावले असता उत्पन्न सुमारे 50 टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले. रोपांची मुळे अधिक वाढली होती आणि प्रकाशसंश्लेषणाचा वेगही वाढला होता.