पाट, साचा आणि स्वतःची मूर्ती : पेण-रोह्यातला छोटा कलाकार विकतो कसा, उरतं किती?

पेण/रोहा : गणपती म्हटलं की पेण, हे समीकरण महाराष्ट्राबाहेरही आता सगळ्यांना ठाऊक आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे, तांबडशेत या भागातून निघालेल्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून थेट परदेशापर्यंत जातात. पण या मोठ्या बाजारात एक छोटा माणूसही आहे. स्वतःच्या कल्पनेने एक-एक मूर्ती घडवणारा. कधी उंदराला झोका देणारा बाळगणेश, कधी पुस्तकात डोकं खुपसून बसलेला गणपती, तर दिवाळीत किल्ल्यावरचे हातभर मिशांचे मावळे. त्याचा माल कारखान्यातल्या मालाशेजारी ठेवला की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला : "एवढी महाग का?"

या प्रश्नाचं उत्तर नीट देता आलं तरच हा कलाकार टिकणार आहे. म्हणून मूर्ती घडते कशी, विकली जाते कशी आणि पैसा कुठे थांबतो, हे समजून घ्यायला हवं.

पेणचं नाव कशामुळे झालं?

पेणमध्ये या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत देवधर घराण्याचं नाव घेतलं जातं. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, तशी मूर्तींची मागणीही वाढली. मुंबई जवळ, रस्ता सरळ, त्यामुळे पेणच्या मालाला बाजार मिळाला. पण नाव झालं ते कामाच्या सफाईमुळे. त्यातही डोळ्यांची आखणी ही पेणची खरी ओळख. मूर्ती कितीही सुबक असली तरी नजर चुकली की सगळं फसतं. म्हणून हे काम सरसकट कुणाच्याही हातात दिलं जात नाही. वर्षानुवर्षं ब्रश धरलेला कसबी कारागीरच डोळे लिहितो.

साच्यातली आणि हाताची मूर्ती

"हाताने केलेली" हा शब्द बाजारात सैल वापरला जातो. प्रत्यक्षात तीन प्रकार असतात.

पहिला, पूर्ण साच्यातला. मूळ नमुन्यावरून साचा निघतो आणि त्यातून शेकडो मूर्ती. रंगकाम हाताने होतं, पण आकार सगळ्यांचा एकच.

दुसरा, अर्धा साच्यातला. शाडूच्या कामात मातीची पोळी साच्यात दाबून धड काढतात. हात, सोंड, कान, उंदीर, आसन वेगळं करून जोडतात. इथे कलाकार बैठक बदलू शकतो, मान थोडी कलती करू शकतो, चेहऱ्यावर हसू आणू शकतो.

तिसरा, पूर्ण हाताचा. साचा नाहीच. अशी मूर्ती पुन्हा तशीच होत नाही, अगदी त्याच हातानेही नाही.

किमतीतला फरक इथून सुरू होतो. साच्याचा खर्च शेकडो मूर्तींवर वाटला जातो. हाताच्या मूर्तीत सगळा वेळ त्या एकीच्याच अंगावर पडतो.

शाडू की पीओपी?

प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी घातल्यावर काही मिनिटांत घट्ट होतं. मूर्ती पोकळ, हलकी, प्रवासाला सोयीची. वर्षभर काम करून साठवता येते. शाडूचं तसं नाही. ही माती मुख्यतः गुजरातमधून येते. भिजवायची, मळायची, घडवायची आणि मग सावलीत सुकवायची. उन्हात घाईने सुकवली तर तडा जातो, आणि कोकणातल्या आषाढात तर ती सुकता सुकत नाही. वजन जास्त, वाहतुकीत बोट किंवा सोंड मोडायची भीती कायम. पण विसर्जनानंतर शाडू लवकर विरघळतो; पीओपी पाण्यात तसाच राहतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपी मूर्तींविरोधात मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. त्यानंतर ९ जून २०२५ ला मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा मिळाली, आणि जुलैमधल्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायचं ठरलं.

न्यायालयातली बाजू कुठलीही असो, छोट्या माणसाची अडचण वेगळीच आहे. त्याला माल कुठला करायचा हे पौष-माघातच ठरवावं लागतं. निर्णय जून-जुलैत आला तर माती भरून झालेली असते, पैसे अडकलेले असतात. मोठा कारखानदार दोन्ही प्रकारचा माल ठेवू शकतो. एकट्याने काम करणाऱ्याला ते झेपत नाही.

विकायचे तीन रस्ते

कोकणातला जुना रस्ता म्हणजे पाट. घरचा पाट मूर्तिशाळेत नेऊन द्यायचा, "दरवर्षीसारखाच" असं सांगायचं आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती घेऊन जायची. रोहा, नागोठण्याच्या आसपासच्या गावांतल्या घरगुती शाळा या विश्वासावरच चालतात. यात गिऱ्हाईक पक्कं असतं, माल पडून राहत नाही. पण आगाऊ रक्कम बहुतेक वेळा मिळत नाही आणि ओळखीपायी दर वाढवायला जीभ उचलत नाही.

दुसरा रस्ता कच्च्या मालाचा. रंग न दिलेल्या मूर्ती व्यापारी किंवा दुसऱ्या गावचे कारखानदार ठोक भावाने उचलतात, रंगवतात आणि आपल्या नावाने विकतात. पैसा लवकर हातात येतो. पण घडवणाऱ्याचं नाव तिथेच पुसलं जातं आणि नफ्याचा मोठा भाग पुढच्या दुकानात जातो.

तिसरा रस्ता थेट विक्रीचा. फोटो काढायचे, व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवर टाकायचे, ऑर्डर घ्यायची. गमतीदार, वेगळ्या धाटणीच्या कामाला हाच रस्ता मानवतो, कारण अशी वस्तू हवी असलेला माणूस पेणच्या बाजारात असेलच असं नाही; तो ठाण्यात असेल, नाशकात असेल. पण इथे पॅकिंग, कुरिअर, मोडतोड आणि फोनवर उत्तरं देत बसणं हे सगळं कलाकाराच्याच डोक्यावर येतं.

दर काढायचा कसा?

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. माती, रंग, ब्रशचे पैसे मोजले जातात. स्वतःची आणि घरच्यांची मजुरी मोजलीच जात नाही. एक उदाहरण घेऊ. समजा एका फुटभर मूर्तीला साहित्य ३०० रुपयांचं लागलं आणि सगळं मिळून दोन दिवस गेले. दिवसाची मजुरी ५०० धरली तर १,००० रुपये. जागा, वीज, मोडलेल्या नगांची भरपाई म्हणून १५० धरा. म्हणजे घरातच मूर्ती १,४५० रुपयांना पडली. ती १,२०० ला विकली तर गल्ल्यात पैसे दिसतात, पण कलाकाराने २५० रुपये पदरचे घातलेले असतात. घरातल्या बायकांनी केलेलं घोटाई-रंगाचं काम "घरचंच" म्हणून सोडून दिलं तर तोटा आणखी वाढतो, फक्त तो दिसत नाही.

ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आधी, हा नियम पाळला तर साहित्यासाठी उधारी करावी लागत नाही.

नक्कल झाली तर?

वेगळी कल्पना चालली की पुढच्या वर्षी तिची प्रत बाजारात येते. एक नग विकत घेऊन त्यावरून साचा काढणं अवघड नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मूळ शिल्पावर ते घडवणाऱ्याचा हक्क असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर "आधी कोणी केलं" हे दाखवावं लागतं. म्हणून कच्च्या रेखाटनापासून तयार मूर्तीपर्यंत तारखेसह फोटो ठेवावेत आणि मूर्तीच्या तळाशी सही किंवा खूण कोरावी. साच्यातून मोठ्या संख्येने माल काढणार असेल, तर डिझाइन्स कायदा, २००० खालची नोंदणी माल बाजारात आणायच्या आधी जाणकाराला विचारून घ्यावी.

उरलेलं वर्ष

गणपती गेले की हात रिकामे, ही जुनी तक्रार आहे. मार्ग मात्र आपल्या सणांतच आहेत. नागपंचमीचे नाग, गौरीचे मुखवटे, नवरात्रीतल्या देवी, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे, माघी गणपती. शिवाय पूजेशी संबंध नसलेलं छोटं काम : होडीतला कोळी, भारा घेतलेली बाई, खिडकीत ठेवायचं कौलारू घर. हे विसर्जित होत नाही, घरात राहतं आणि कलाकाराचं नाव सांगतं.

सरकारी मदत कोणती?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात मूर्तिकार, कुंभार आणि खेळणी बनवणारे येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, असं तिचं स्वरूप आहे. नोंदणी सीएससी केंद्रात विचारून करता येते. उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क नाही. कुणी पैसे मागितले तर सावध राहावं.

गिऱ्हाइकाने काय विचारावं?

घेणाऱ्याच्या हातातही बरंच आहे. मूर्ती शाडूची की पीओपीची, साच्यातली की हाताची, रंग कोणते आणि घडवली कोणी, हे चार प्रश्न विचारावेत. ऑर्डर श्रावणात नव्हे तर वैशाखात द्यावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी. कलाकाराला तेव्हाच माती भरायची असते. भाव करायचाच असेल तर दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून करावा.