इस्तंबूलचीं पाडावयाचीं घरें

कॉन्स्टँटिनोपल या नांवानें जें नगर आपल्या आजोबांच्या पिढीस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित होतें, त्या इस्तंबूलांत आज दीड कोटींहून अधिक माणसें राहतात. नगराच्या दक्षिणेस मार्मारा समुद्र असून त्याच्या तळाखालून उत्तर अनातोलियाचा विख्यात प्रस्तरभंग गेला आहे. १९३९ सालीं एर्झिंजान येथें झालेल्या भूकंपापासून या भंगावरील मोठे धक्के बहुतांशीं पश्चिमेकडे सरकत आले, आणि १७ ऑगस्ट १९९९ रोजीं रात्रीं तीनच्या सुमारास इझमित शहराजवळ जो धक्का बसला त्यांत १७,००० हून अधिक लोक मृत्यु पावले. त्याच्या पश्चिमेचा, समुद्राखालील भाग मात्र अद्याप उरला आहे. तेथें १७६६ नंतर तसा प्रचंड धक्का बसलेला नाहीं. तो केव्हां बसेल हें कोणी सांगूं शकत नाहीं. बसेल याविषयीं मात्र शास्त्रज्ञांस फारशी शंका नाहीं.

तेव्हां अवकाश आहे तोंवर घरें सुधारून घ्यावीं हें ओघानेंच आलें. पण तीं घरें कशीं आहेत तें आधीं पाहिलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनातोलियाच्या खेड्यांतून पोटासाठीं जे लोंढे या शहरांत आले, त्यांनीं दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या जमिनीवर रातोरात निवारे उभे केले. तुर्की भाषेंत अशा घरास ‘गेजेकोंदू’, म्हणजे ‘रात्रींत येऊन बसलेलें’, असें मोठें अन्वर्थक नांव आहे. पुढें त्याच जागीं पांच-सहा मजली इमारती उठल्या. कित्येकींच्या काँक्रीटमध्यें समुद्रावरची न धुतलेली वाळू, शिंपल्यांच्या तुकड्यांसकट, घातलेली आढळते. तींतील मिठानें आंतल्या सळया गंजतात. दुकानांसाठीं तळमजल्याच्या भिंती काढून टाकलेल्या, आणि वर सोयीप्रमाणें मजले चढविलेले! १९९९ सालीं अव्जलार हें उपनगर शहराच्या पार पश्चिमेस, भूकंपाच्या केंद्रापासून दूर असूनही तेथील मऊ जमिनीनें धक्का वाढविला आणि इस्तंबूलमधील मृतांपैकीं बहुतेक तेथेंच सांपडले. इतकें होऊनही २०१८ सालीं सरकारनें पैसे भरून घेऊन अनधिकृत बांधकामांस अभय दिलें. पुढल्याच वर्षीं फेब्रुवारींत कार्ताल भागांत एक आठ मजली इमारत, कोणताही भूकंप न होतां, कोसळून २१ माणसें दगावलीं. तिचे वरचे तीन मजले अनधिकृत होते.

२०१२ सालीं धोक्याच्या इमारती पाडून नव्या बांधण्याविषयींचा कायदा झाला. तज्ज्ञांनीं इमारत धोक्याची ठरवावी, दोन-तृतीयांश मालकांनीं एकमत करावें, ठेकेदारानें ती स्वखर्चानें बांधून द्यावी आणि वरचे जादा गाळे विकून आपला नफा काढावा, असा हा व्यवहार. मुंबई-पुण्याच्या वाचकांस तो अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं. त्यांतली मेख त्यांच्या केव्हांच ध्यानांत आली असेल. जेथें जागेस मोल आहे तेथेंच ठेकेदार येतो. आशियाकडील बगदाद रस्त्यावर श्रीमंतांच्या इमारती एकामागून एक पाडून नव्या व उंच झाल्या. उलट एसेनलेरसारख्या दाट व गरीब वस्तींत, जेथें आधींच मजल्यांवर मजले चढलेले आहेत, तेथें विकावयास जादा उरतें काय? रोग न पाहतां रोग्याची थैली पाहून औषध देणाऱ्या वैद्याची ही तऱ्हा झाली.

ज्यांची थैली रिकामी त्यांचें काय होतें याचीही उदाहरणें आहेत. सुलुकुले ही रोमा लोकांची शेंकडों वर्षांची वस्ती ‘जीर्णोद्धारा’च्या नांवाखालीं जमीनदोस्त झाली, रहिवाशांस सुमारें ४० किलोमीटर दूर ताशोलुक येथें हप्त्यांवर घरें दिलीं. हप्ते झेपेनात, आणि जवळ रोजगारही नाहीं, म्हणून बहुतेक कुटुंबें तीं सोडून जुन्या वस्तीच्या आसपास भाड्यानें राहावयास परतलीं. फिकिरतेपे येथें लोकांनीं आपलीं घरें रिकामीं करून दिलीं, परंतु कांहीं कंपन्या बुडाल्या आणि घरांच्या जागीं वर्षानुवर्षें खड्डे राहिले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत देशाच्या आग्नेय भागीं ५३,००० हून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर त्याच वर्षीं दोन-तृतीयांशांऐवजीं निम्म्याहून अधिक मालकांची संमति पुरे असें ठरलें. घाई समजूं शकते. परंतु उरलेल्या निम्म्यांत वेतननिवृत्त वृद्धच अधिक असावयाचे अशी आमची भीति आहे.

सारेंच वाईट आहे असें मात्र नव्हे. २००६ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर शाळा व रुग्णालयें बळकट करण्याचें काम चाललें, आणि तें आम्हांस सर्वांत शहाणपणाचें वाटतें. तेथें नफ्याचा प्रश्न नव्हता. कोणती इमारत अधिक दुर्बळ एवढेंच पाहावयाचें होतें.

२३ एप्रिल २०२५ रोजीं भरदुपारीं मार्मारा समुद्राखालून ६.२ प्रतीचा धक्का आला. इमारती बहुतेक तगल्या. पण भयानें वरच्या मजल्यांवरून उड्या टाकून अनेक जण जखमी झाले. त्या रात्रीं घरांत निजण्याचें धैर्य न झालेलीं हजारों कुटुंबें अंथरुणें घेऊन बागांतून व मैदानांतून राहिलीं. १९९९ नंतर अशाच प्रसंगासाठीं म्हणून मोकळ्या राखलेल्या जागांपैकीं कित्येकींवर तोंवर बाजारपेठा व निवासी मनोरे उभे राहिले होते.