दिवाळी झाली, हिशेब झाला का?

फराळाची शेवटची ऑर्डर गेली की गटातल्या सगळ्याजणी म्हणतात, "सुटलो बाई एकदाचं!" पण मैत्रिणींनो, काम खरंच संपलं का? मोठ्या कंपन्यांत प्रोजेक्ट हातावेगळा करण्याचीही एक रीत असते. माल पोचला, पैसे आले, देणी फिटली, काय शिकलो ते लिहिलं, मगच फाईल बंद. आपल्या बचत गटाला ही रीत का नको? गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेडीच्या जोडीला हिशेब लेखन आहे, ते काही उगीच नाही.

भाऊबीज झाली की आठ दिवसांत बैठक घ्या. उधारीची यादी मोठ्यानं वाचा. कुणाकडची वसुली कोण करणार, तेही तिथंच ठरवा. किराणा, गॅस, पिशव्या यांची देणी आधी फेडा. उरलेलं तूप, डाळं, भाजणी मोजून लिहा. घरोघरून आणलेल्या कढया, सोरे ज्याचे त्याला परत करा. नफा मात्र आधी ठरल्याप्रमाणेच वाटा. 'ती काय, घरचीच' म्हणून रात्र रात्र चकल्या तळणारीची मजुरी बुडवली, तर पुढच्या वर्षी ती येणार नाही. आणि गटात एकदा संशय शिरला, की तो लवकर निघत नाही.

शेवटी वहीत चार ओळी लिहा. चकली किती किलो खपली, कोणता लाडू उरला, भाव कुठं चुकला? खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. उद्या कर्ज मागायला गेलात, की बँक आधी वहीच मागते.