गिली : हायलंडचा जाणता सोबती

गेलिक भाषेतील ‘गिले’ म्हणजे पोरगा किंवा चाकर. त्यावरूनच ‘गिली’ हे नाव रूढ झाले. स्कॉटिश हायलंडातील टोळीनायकाच्या लवाजम्यात तलवार वाहणारा जसा एक गिली असे, तसा धन्यास पाठीवर घेऊन ओढे पार करणारा, ज्याचे पाय सदैव ओलेच असावयाचे, असाही एक असे. पुढे जमीनदारांच्या मुलखात पाण्याचा चढउतार पाहून सॅमन माशासाठी पिसांची कोणती माशी गळास लावावी हे सांगणारा आणि शिकार झालेले हरिण तट्टावर लादून डोंगर उतरविणारा तोच झाला. या विद्येस केवळ चाकरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १९२२ साली स्कॉटलंडमधील टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन यांनी ६४ पौंडांचा विक्रमी सॅमन धरला, तेव्हा नौकेची वल्ही त्यांचे वडील, गिली जेम्स, यांच्याच हाती होती.